उचल

मंगळवारी पहाटे तीनला सर्व्हर बंद झाला
आणि पाचला उघडला तेव्हा
आमच्या झोळ्यांना तळ आला होता.

कालपर्यंत एका झोळीत मावायचे
नव्व्याण्णव ओंडके, चाळीस दगड, एक होडी,
वर मधाची बरणी.
आज एक ओंडका, एक खांदा.
तुळई हवी तर दोघं जण,
आणि दोघांची पावलं जुळली नाहीत
तर तुळई चिखलात.

उचलली जीभ लावली टाळ्याला.
कौनासचा योकूबस ओरडला, हा खेळ आहे की हमाली?
रीगाची एल्झा म्हणाली, या वेगानं बुरूज बांधला
तर कळसावर माझी नातवंडं चढतील.
कुणी पैसे परत मागितले.
कुणी तर दुसऱ्याच तासाला हात साफ करून घेतला:
माझ्या झोपडीचं दार उचलून नेलं,
चौकटीसकट,
आणि नदीपलीकडे उघड्या माळावर
नुसतं उभं करून ठेवलं.
उचलेगिरी म्हणतात ती हीच असावी.
मी ते उघडून आत गेलो.
आत माळच होता.

मी कुठेच काही बोललो नाही.
क्लायपेदात दिवसभर मी लोकांची घरं हलवतो,
लिफ्ट नसलेल्या पाच मजल्यांवरून
कपाटं, फ्रीज, एकदा एक पियानो,
तो एका शिंपिणीचा,
जिला तो वाजवता येत नव्हता आणि टाकवतही नव्हता.
रात्री कमरेचा पट्टा सोडून
मी खेळायला बसायचो ते याचसाठी:
नव्व्याण्णव ओंडके, आणि पाठ ताठ.
एवढीच चैन होती.
तीही कुणीतरी खांद्यावर घालून नेली.

चौथ्या रात्री योकूबस आणि एल्झा
बुरुजाच्या जिन्यात, वळणावर,
तुळई आडवी अडकवून भांडत होते.
माझ्याच्यानं पाहवेना. माइक सुरू केला.
म्हटलं, उंच माणूस खाली.
उलटं चालणाऱ्यानं गप्प राहायचं,
ज्याला पायऱ्या दिसतात त्यानं मोजायच्या.
वळणावर आधी टेकवा. श्वास घ्या. मग कलती करा.
आणि ओझ्याकडे काय बघता,
ते कुठे पळून जात नाही.

तुळई वर गेली. आभार कुणी मानले नाहीत.
योकूबस म्हणाला, आजोबा, हे कुठे शिकलात?
एका पियानोखाली, मी म्हणालो.

मग बर्फाचा आठवडा आला.
स्कायस्ते पालांगाच्या आरोग्यधामात चादरी धुते,
रात्रपाळीनंतर खेळायला येते
आणि अर्ध्या वाक्यात झोपते.
तिचं इथलं शरीर तसंच बाहेर बसून राहतं,
भुवयांवर बर्फ साचत जातो.
पूर्वी आम्ही तिच्याभोवती शेकोट्या पेटवायचो,
त्या विझायच्या.
या वेळी योकूबस जवळ गेला
आणि तिच्या डोक्यावर तोच शब्द उमटला
जो ओंडक्यांवर उमटतो: उचला.
नियमावलीत माणसाचा उल्लेख नव्हता.

पाय त्यानं धरले, खांदे मी.
एल्झा पुढून पावलं मोजत होती, तिच्या लाटवियनमध्ये,
व्येन्स, दिवि, त्रीस.
हेडफोनमध्ये स्कायस्तेचं हलकं घोरणं.
झोपडीला दार नव्हतंच, बर्फ आत येत होता.
एल्झा काही न बोलता नदीपलीकडे गेली,
दार पाठीवर घेऊन आली,
आणि अंधारात पहिल्याच झटक्यात बिजागऱ्या बसवल्या,
सराव असल्यासारख्या.
कुणी काही विचारलं नाही.

पहाटे स्कायस्ते जागी झाली ती चिडूनच:
मला कुणी हलवलं?
माझी कुऱ्हाड बाहेर राहिली ना!

आणि नऊला, खऱ्या पाचव्या मजल्यावरून
फ्रीज उतरवताना, तिसऱ्याच्या वळणावर
मी मोजत होतो, व्येन्स, दिवि, त्रीस.
खालून ऑगुस्तिनास म्हणाला,
नीट मोज रे.