स्लॅब

उदगीरला, देगलूर रोडवर, मोबाईलच्या दुकानावरल्या खोलीतून
मी मिक्सरच्या लिंका पाठवतो.
दहा गिऱ्हाइकांपर्यंत शेकडा चार,
अकराव्यापासून सहा,
पंचवीस झाले की साडेनऊ,
तेही मागच्या सगळ्यांवर.
महिना संपला की पाटी कोरी.

बाप सेंट्रिंगवाला. त्याला एवढंच कळलंय
की पोरगंही स्लॅबच्याच धंद्यात आहे.
"कितवा पडला?" विचारतो, हातावरचं सिमेंट धुताना.
"दुसरा."
"मग पाणी मारत ऱ्हा."

मी मारतो.
मामाला, मामाच्या साडूला,
जळकोटच्या वायरमन इरफानला,
दहावीच्या ग्रुपवर
कुणाची तरी आजी वारल्याच्या निरोपाखाली.

एकतीस तारीख, रात्रीचे साडेअकरा.
चोवीस.
स्वतःची खरेदी धरत नाहीत,
म्हणून बहिणीच्या नावावर एक मागवला.
आकडा फिरला.
झोप लागली नाही, पण ती आनंदानं.

आठव्या दिवशी इरफाननं त्याचा परत पाठवला.
भांडं गळतंय म्हणे.
पुन्हा चोवीस.
साडेनऊचे सहा झाले, सगळ्यांवर,
मागच्यांवरसुद्धा.

मी बोललो नाही. बापानं तोंडावरून ताडलं.
"टेकू लवकर काढलास.
एकवीस दिस तरी हात लावू नये."
आणि जेवायला बसला.

आत आई बहिणीच्या नावच्या मिक्सरात
काराळ्याची चटणी फिरवत होती.
गावभर दुसऱ्यांचे स्लॅब टाकणाऱ्याच्या घरावरचे पत्रे
तेवढा वेळ
थरथरले.