हातचा एक

सात वाजले आणि टीव्हीनं वायोमिंग रंगवून टाकलं.
आमचं मशीन तेव्हा अजून सीलबंदच होतं.
ऑरिन स्ट्राउड दाराला कडी घालत होता,
हॉलच्या मागचा पत्रा धरून
वारा गदागदा हलवत होता.
"झालं की मग," ऑरिन म्हणाला, "चला घरी."
कुणी फारसं हसलं नाही.
दर चार वर्षांनी तो हेच म्हणतो.

देशाच्या बेरजेत आमच्या अख्ख्या राज्याची मतं तीन.
ती कुठं जाणार
हे कुंपणापलीकडच्या हरणांनाही ठाऊक असतं.
तरी पहाटे साडेपाचला यायचं,
घडीच्या खुर्च्या उघडायच्या, झेंडा लावायचा,
रोवेनाचं चिलीचं भांडं प्लगला जोडायचं,
"मी मत दिलं"चे गोल स्टिकर दोनशे मोजून ठेवायचे
आणि अठ्ठेचाळीस उरवायचे.

गेल्या खेपेला आमच्या केंद्रावर
एकशे चव्वेचाळीस विरुद्ध आठ.
हे आठ कोण, यावर हिवाळाभर खल.
शाळेतली नवी बाई धरा. पोस्टातला तो दाढीवाला धरा.
पाद्रीबाबांच्या बायकोवर बऱ्याच जणांचा वहीम,
ती ओरेगनची, एवढ्यावरून.
माझं नाव कुणी घेत नाही.
एमेट हॉगनची बायको, दोनशे गाई,
रविवारी चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर,
ती कशाला?

एमेटला ठाऊक होतं.
दहा निवडणुका आम्ही एकाच पिकअपमधून आलो,
अठ्ठावीस मैल, मध्ये थर्मास, पायाशी कुत्रा.
तो त्याचा लंबगोल काळा करायचा, मी माझा,
आणि परतताना म्हणायचा,
"झाली फिटंफाट, डेल्फिन.
एवढं पेट्रोल जाळून
दोघांनी मिळून शून्य आणलं."
पुढच्या खेपेला मात्र
पहाटे उठून गाडी तोच तापवायचा.

मार्चमध्ये गेला.
वासरं व्हायच्या ऐन दिवसांत.
त्याला न शोभणारी ही एकच गोष्ट त्यानं केली.

आज यादीचं पान उलटलं तर
हॉगन, डेल्फिन,
आणि लगेच खाली
हॉलिंग्जवर्थ, टाय. वय अठरा. लाल कान, वडिलांचा कोट.
मध्ये साधी रेघसुद्धा नाही.
छापणाऱ्यानं ओळी नीट वर सरकवून घेतल्या होत्या.

आडोशामागं मी जरा जास्तच वेळ उभी राहिले.
पेन त्याच्या लंबगोलावर टेकलं होतं,
म्हटलं, या एका वेळेला, त्याच्या वतीनं.
मग वाटलं, किती चिडेल तो.
गाय दुसऱ्याच्या कळपात गेली तर
स्वतः हाकलत परत नेऊन द्यायचा.
मी माझंच केलं.

मशीननं पट्टी बाहेर टाकली,
वाणसामानाच्या बिलाएवढी लांब.
ऑरिननं चष्मा कपाळावर चढवून वाचलं,
"एकशे चव्वेचाळीस. आठ.
बघा, एकाचाही फरक नाही!"
रोवेना म्हणाली, "आपलं गाव म्हणजे दगडावरची रेघ."
टाय दारात उभा राहून चिली खात होता,
त्यानं वर पाहिलंच नाही.

नियमाप्रमाणे मी कागदावर पुन्हा बेरीज केली.
चार आणि आठ बारा,
दोन खाली,
हातचा एक.
पेन्सिल तिथंच थांबली.
"जुळतंय ना?" ऑरिननं विचारलं.
जुळत होतं.

मग अठ्ठावीस मैल.
हीटर उशिरा तापला, रेडिओवर इतर राज्यांचे आकडे,
दूर तेलाचे पंप अंधारात मान डोलावत, कुणालाही हो म्हणत.
पहिल्यांदाच माझं मत कुणी फेडलं नव्हतं.
तसंच राहिलं होतं ते, सुटं,
डॅशबोर्डवर विसरलेल्या नाण्यासारखं,
फाटकाशी गुरं अडवायच्या लोखंडी दांड्यांवरून
गाडी गेली
तेव्हा खडखड वाजलं.