कोरडी कडी

पोळा होऊन गेला, पाणी काही उघडत नाही.
सावरखेड्याच्या रपट्यापासून पुढं
काळी माती चाकाला धरून बसते.
दर फर्लांगावर उतरायचं, मडगार्डात तुराटी घालायची,
सरकीची ढेप फोडावी तसा चिखल काढायचा.
टपाल प्लास्टिकात कोरडं.
मी नाही. चेन नाही.

पहिल्या वर्षी घरचं जवसाचं तेल सोडलं होतं तिच्यावर.
चार दिवसांत अशी आखडली
की पायडल मागं फिरेना.
चांदभाईनं कडीला बोट लावलं, वास घेतला,
दुकानातल्या पोट्ट्यांकडं पाहून म्हणाला,
"मॅडमनं चेनीले चटणी खाऊ घातली!
जवस सुकते ना बापा, गोंद होते त्याचा.
आंधी रॉकेलनं धुवा, मंग पुसा, मंग ऑइल.
एका कडीले एकच थेंब. अन् वरचं पुसून घ्या.
तेल आत पायजे. बाहेर राह्यलं तं चिखल खाते."

तेव्हापासून, भिजली की त्याच रात्री
ओसरीत सायकल उलटी.
दातांचा जुना ब्रश, लुगड्याची चिंधी,
गुरांच्या डॉक्टरानं टाकलेली पिचकारी, सुई मोडलेली.
जोडकडीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका,
तिथून सुरुवात.
एकशे बारा.
सदुसष्टला लाइन गेली.
बोटांनी मोजत राहिले, अडुसष्ट, एकोणसत्तर;
अंधारात थेंब दिसत नाही,
पण रोलर हलका फिरला की कळतं, प्याला.

मागच्या महिन्यात चेन इतकी गप्प झाली
की देवमन उईके दारात बसलेलेच राहिले.
त्यांना दिसत नाही.
पेन्शनीचा दिवस. मी समोर उभी, घंटी गंजून मुकी,
आणि ते रस्त्याकडं कान लावून.
"बाबाजी," म्हटलं तर केवढ्यानं दचकले.
"तू व्हय? काही वाजलंच नाही.
मले वाटलं, दुसरंच कोणी येऊन उभं हाये."

आता एकशे अकरा.
लाल ठिपक्याशेजारची एक कोरडी सोडते.
चेनीच्या दर फेऱ्याला एकदा
कुरकुरते ती.
निंबाच्या वळणावरूनच ऐकू जाते त्यांना,
मी पोचेस्तोवर
धोतराला पुसून अंगठा तयार.

चांदभाईच्या नजरेतून सुटतं थोडंच.
"हे एक राह्यली तुमची. गंजली पाहा.
तुटन तं इथंच तुटन."
हो का, म्हटलं, लक्षातच नाही आलं.
आणि एक सुटी कडी मागून घेतली,
थैलीत असू द्यावी म्हणून.