कूस

मंगळवारी लाँच उशिरा सुटली. धुकं.
मांडीवर औषधांची पेटी, पायाशी कुणाचं तरी बटाट्याचं पोतं,
आणि मी मागच्या भेटीची नोंद वाचत होते:
एलेउतेरिओ, एकाहत्तर. स्वादुपिंड. मुक्काम घरीच.
पत्नी करते सगळं.

मीच लिहिलं होतं ते,
तीन शब्दांत, पूर्णविरामासकट.

चिलोएच्या या बेटांवर घरं चालतात.
खोटं नाही. त्या दोघांचं घर एकदा
भरतीच्या पाण्यापासून वर टेकाडाकडे नेलं,
खाली ओंडके, पुढे बैलांच्या दहा जोड्या,
दोरांना चाळीस माणसं.
मजुरी नाही, इर्जिक. पोटभर जेवण,
आणि पुढच्या वेळी तुमचे बैल.
खिडकीतली जिरेनियमची कुंडीसुद्धा पडली नाही,
एर्मेलिंदा सांगते. दर वेळी सांगते.

आता त्याच घरात
एका माणसाला डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर न्यायचं असतं,
दर दोन तासांनी,
आणि दोराला ती एकटी.

पहिल्या आठवड्यात सगळे आले.
कुणी लाकडं फोडून रचली, कुणी शिंपल्यांचं कालवण आणलं.
मग चकरा विरळ झाल्या. वाईट नाहीत माणसं.
दारात उभं राहून काय बोलावं, ते येईना कुणाला.
मुलगा पुंता अरेनासला. रविवारी फोन करतो,
पैशांचं विचारतो, वडिलांचं विचारतो,
मग हवामानाचं. तिथं बोलणं थांबतं.

मी विचारते, "आणि तुम्ही कशा आहात?"
ती म्हणते, "रात्री दोन चमचे सूप गेलं पोटात."
पुढच्या मंगळवारी, "आणि तुम्ही?"
"टाच लाल झाली होती, आता बरी आहे."
तिसऱ्यांदा विचारलं, तर
ती चुलीत लाकूड सारत राहिली,
जणू मी घरात नसलेल्या कुणाला हाक मारली होती.

तिला लिहिता येत नाही. मॉर्फिनचे थेंब
चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने मांडते:
दिले की उभी रेघ, कण्हला की आडवी.
एकदा ती पाण्याला गेली तेव्हा
त्याने मला जवळ बोलावलं.
"रात्री मी जागा असतो. हिला सांगू नका.
ही मला वळवते, तेव्हा झोपेचं सोंग घेतो.
रडते तेवढ्यात. जागा दिसलो
तर तेवढंही करणार नाही."

हे मी नोंदवलं नाही.
त्याला रकाना नव्हता.

जुलैत तो गेला. नऊ रात्री प्रार्थना झाल्या,
अंगण भरलं, मेंढी कापली,
तीच चाळीस माणसं, किंवा त्यांची मुलं.
आता काय करायचं असतं
ते प्रत्येकाला ठाऊक होतं.

नंतरच्या एका गुरुवारी ती स्वतः आली दवाखान्यात.
उरलेली बाटली, न वापरलेल्या सुया,
रबरी चादर, धुऊन, घडी घालून.
सहीच्या जागी अंगठा.
मी सवयीनं म्हणाले, "आणि तुम्ही?"

ती खुर्चीत टेकली. एवढ्या महिन्यांत
मी तिला बसलेली पाहिली नव्हती.
"हा खांदा," म्हणाली. "उजवा.
या कुशीवर झोपता येत नाही.
आणि दर दोन तासांनी जाग येते.
उठून बसते. मग आठवतं."

मी स्वेटरवरून हात ठेवला,
तर हाताला लागला दोराचा पीळ,
ओला, अजून ताणलेला.

परतीची लाँच चारला होती.
पावणेतीनच वाजले होते.