तासांची वही

घर फिरलं की वासे फिरतात, म्हणतात.
आमच्याकडे चाळीस सेकंदांत
घरं आणि वासे एकदमच फिरले.
कच्च्या विटांचं अख्खं सान इलारियो
ज्वालामुखीच्या पायथ्याशी भुगा होऊन बसलं.

मग पत्र्याखाली दोन उन्हाळे,
आणि एका रविवारी, चर्चच्या उरलेल्या पायरीवर, सहकारी संस्था.
एकवीस कुटुंबं, एकवीस घरं.
बांबूचा कूड, चिखल, कोपऱ्यांना तेवढं सिमेंट.
प्रत्येक घरटी आठवड्याला चोवीस तास काम.
कुणाचं घर कुठलं, ते शेवटी चिठ्ठ्या टाकून;
तोवर सगळ्या भिंती सगळ्यांच्या.

वही माझ्याकडे. मला पाढे येत होते म्हणून.

पहिलं भांडण तासांवरूनच.
ओविदियो म्हणाला, खड्डा खणणं आणि तोर्तिया थापणं
एकाच भावात कसं?
म्हातारी त्रान्सितो तव्यावरची नजर न काढता म्हणाली,
"मग उद्या खड्डाच खा."
मी लिहिलं: त्रान्सितो, सात तास.

एक गोष्ट मात्र वहीत नाही.
मार्चमधल्या एका संध्याकाळी, नऊ नंबरच्या घरात,
मागच्या भिंतीच्या बांबूंना
मी खिळे एकाच बाजूने ठोकले.
हात सोलले होते, उजेड गेला होता,
आणि एकवीसांत नऊ काही माझ्याच वाट्याला येणार नव्हतं.
वर लिंपण चढलं. भिंत देखणी झाली.
माझे चार तास.

चिठ्ठ्या हेर्मिनियोच्या टोपीत.
मला सोळा. ओविदियोला तीन, नळाजवळचं;
त्यावर थोडी कुजबुज.
त्रान्सितोने आपली चिठ्ठी उलटी धरून "सहा" म्हटलं.
मीच सरळ करून दिली.

तीन रात्री जमीन हलली नाही,
तरी मी जागी.
चौथ्या संध्याकाळी हातोडी आणि पावशेर खिळे घेऊन
तिच्या दारात. पाठ केलेलं काहीच आठवेना.
"मागची भिंत," एवढंच म्हणाले.

तिने काही विचारलं नाही.
लिंपण खरवडायला कालथा दिला, दिवा धरला.
धूळ दोघींच्या केसांत.
मधेच म्हणाली, "वही आणलीस ना?"
"वही केव्हाच बंद झाली."
"बरं झालं," ती म्हणाली.
"ओविदियोच्या खिडकीखालचा कोपरा
मीही जरा घाईतच उरकलाय.
चिखल थोडा जास्तच कालव."