उपाशीपोटी

सकाळी सहा दहा. बेनकर वस्तीचा चढ,
स्कूटर कडेला, शीतपेटी खांद्याला,
तिसरा मजला, लिफ्ट बंद.
कुमुद बहिरट दार उघडून बसलेल्याच असतात,
डावी बाही दुमडून.

मी विचारतो, रोज चौदा घरी विचारतो तेच :
रात्री दहानंतर काही खाल्लंत?
पाणी, त्या म्हणतात. अर्धा पेला.
मी फॉर्मवर लिहितो, उपाशीपोटी.

गॅलरीतून समोर दिसतो तो सांगाडा त्यांचाच,
म्हणजे त्यातला सहावा मजला, पूर्वेकडचा कोपरा.
सळया गंजल्यात, स्लॅबच्या फटीत पिंपळ धरलाय.
समोरच भाड्याने राहिलो, म्हणाल्या होत्या,
काम सुरू झालं की लगेच कळेल म्हणून.
त्याला अकरा वर्षं झाली.
हप्ता पाच तारखेला जातो, भाडं सातला.

डॉक्टर विचारतात, गोड खाता का.
चहा बिनसाखरेचा, भात मूठभर,
आंबा फक्त कापून देण्यापुरता हातात घेतात,
कालव्याच्या कडेने रोज पाऊण तास चालतात.
तरी आकडा जिना चढतोच,
त्याला लिफ्ट लागत नाही.
वय त्रेपन्न. धमन्या अडुसष्टच्या,
असं मागच्या खेपेला हृदयवाल्यांनी सांगितलं.

मला कुणी विचारत नाही, मी सुई टोचणारा.
पण कापूस दाबून धरल्यावर माणसं बोलतात,
दोन मिनिटं हात अडकलेला असतो ना.
अडीचला जाग येते, म्हणाल्या एकदा,
छातीत धडधडतं, मग ह्यांचे श्वास मोजते.

मला दिसतं ते :
आत कुणीतरी ओरडतं, वाघ आला.
यकृत बिचारं झोपेतून उठतं, कोठार उघडतं,
पोत्यांनी साखर बाहेर फेकतं,
पळ बाई, पळ.
बाई उताणी. वर पंखा.
साखर रक्तात दारोदार हिंडते, कुणी आत घेत नाही,
शेवटी वाटांनाच चिकटते,
डोळ्यांमागच्या, मूत्रपिंडातल्या, पावलांतल्या
केसाएवढ्या वाटांना.
उद्या अडीचला पुन्हा वाघ.
अकरा वर्षांत वाघ एकदाही आला नाही.
नोटिसा आल्या. तारखा आल्या.

तांबडी पेशी एकशे वीस दिवस जगते,
तेवढ्यात अंगाला जे लागलं ते घेऊन मरते.
आम्ही तिचीच साक्ष काढतो,
तीन महिन्यांची सरासरी.
सरासरीत कुठली रात्र कुठली, कळत नाही.

माझे वडील हडपसरच्या पलीकडे
एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते.
गळीत थांबलं, पगार थकले,
दोन वर्षांत अंगठ्याला जखम, मग पाय,
मग मी शिकायचं सोडून हे काम धरलं.
भेटायला येणाऱ्यांना आई एकच सांगायची :
गोड त्यांना आवडतच नव्हतं हो,
हाय खाल्ली त्यांनी.
आम्ही शहाणी पोरं ओशाळून
चहाचं बघायला आत जायचो.

आता सतरा वर्षं विचारतोय, काही खाल्लंत?
जांभळं झाकण सरासरीला, करडं साखरेला.
हाय कुठल्या नळीत घ्यायची
ते मला कुणी शिकवलेलं नाही.

आज कापूस त्यांनी जास्त वेळ दाबून धरला.
रक्त कधीच थांबलं होतं.
काल समोर दोन माणसं आली होती, म्हणाल्या,
टेप घेऊन, काहीतरी मोजत होती.
मी नळी आठ वेळा उलटसुलट केली, नियमाप्रमाणे.
पट्टी लावताना बोटांखाली नाडी लागली,
सुसाट.

आता खाऊन घ्या काहीतरी, मी म्हटलं.
तुमची केलीत का कधी, त्यांनी विचारलं, साखर?
पुढचं घर वडगावला होतं,
सातच्या आत पोचायचं होतं.