रजिस्टर

गुरुवारी रात्री शारजाची प्रेस थांबली
की नियाझ गुल पिकअप काढतो.
हौद्यात दुर्बीण, दोन उशांत गुंडाळलेली,
बॅटरी, आणि खबुसात बांधलेली भुर्जी.
मलेहाच्या पुढे, दिवे संपतात तिथे, वाळूत उतरायचं.

कॅमेरा माझा रंगांधळा आहे.
मुद्दाम तसाच घेतला, सातवा हप्ता चालू आहे.
त्याच्यापुढे एकेक काच फिरते:
आधी हायड्रोजन, पाच-पाच मिनिटांचे चाळीस फोटो,
मग गंधक.
ऑक्सिजन फार कमी बोलतो,
त्याच्यासाठी दुसरी रात्र राखून ठेवावी लागते.
सगळे काळेपांढरे,
राखेत बोट फिरवल्यासारखे.

नियाझ गुल विचारतो, दिसतंय का काही?
अजून नाही.
तो सीटवर पाय दुमडून झोपतो.

इथे दव पडतं, गावी कुणाला पटत नाही.
वाळवंटात भिंगाला शेक द्यावा लागतो.
दोनच्या सुमारास एक सांडणी येऊन
तिपाईला हुंगून गेली. एक फोटो गेला.
जाऊ दे, एकोणचाळीस आहेत.

शेवटी झाकण लावून अंधाराचेही काढतो,
कॅमेऱ्याची स्वतःची किरकिर किती, ते कळायला.
उजाडताना तोंडावर पांढरा बनियन ताणून उजेडाचे,
काचेवरच्या धुळीच्या हिशोबाला.
एवढं सगळं वजा करून उरतं
ते शृंगाश्वातल्या मेघाचं.

खोलीत सहा जण. वरच्या बंकवर, पांघरुणात लॅपटॉप.
तीन थर एकावर एक.
हे मला कुणी शिकवलं नाही;
सांगलीत गुळवणींच्या प्रेसवर अठरा वर्षं
कॅलेंडरांच्या चार प्लेटा जुळवल्यात.
केसभर रजिस्टर सरकलं की लक्ष्मीला दोन ओठ.
गुळवणी भिंग लावून म्हणायचे,
"देव हलला रे, मशीन थांबव."

तारा ताऱ्यावर बसला.

आता रंग.
हायड्रोजन आणि गंधक, दोघेही मुळात तांबडेच,
शेजारी ठेवले तर वेगळे कळत नाहीत,
सकाळच्या बसमधल्या आमच्या निळ्या डांगऱ्या जशा.
म्हणून हायड्रोजनला हिरवा देतो.
गंधकाला त्याचाच तांबडा. ऑक्सिजनला निळा.

आणि कडा सोनेरी होतात,
मधोमध एक निळा डोह उघडतो
जो दोन्ही रात्री माझ्या डोक्यावर होता
आणि मला दिसला नव्हता.

केतकीला पाठवला.
तिचं लगेच आलं: बाबा, हा खरा रंग आहे?

लिहिलं, पुसलं. परत लिहिलं.
ऑक्सिजनचा जवळपास. बाकीचा नाही.
मग विचारलं, आपल्या भिंतीवरच्या विष्णूला
निळा कुणी दिला, आठवतं?

तुम्हीच, तिने लिहिलं. आणि थोडा जास्त झालाय.

बरोबर आहे तिचं.
इथे मात्र कमी पडतोय, कडेला दाणे दिसतात.
पुढच्या गुरुवारी चंद्र उशिरा उगवतो.
नियाझ गुलला सांगून ठेवलंय.